दोन बोटांचं अंतर

१

आप्पासाहेबांवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा छावणीत कुणी मानसुद्धा वर केली नाही. चांदमारीच्या मैदानावर सकाळपासून पलटणीचा सराव चालला होता आणि बंदुकीच्या आवाजाची त्या भागाला सवय होती.

दचकली ती एकटी सारजाबाई. बंगल्याच्या स्वयंपाकघरात ती दुपारच्या चहाचं आधण ठेवत होती. हा आवाज मैदानावरचा नव्हता, मागच्या दाराशी झाला होता. ती मागच्या व्हरांड्यात आली. आप्पासाहेब वेताच्या खुर्चीत बसलेलेच होते. मान मात्र एका बाजूला कलली होती आणि पांढऱ्या सदऱ्यावर डाग पसरत चालला होता.

ती किंचाळत पुढच्या फाटकातून रस्त्यावर धावली. शेजारच्या दोघांना घेऊन परत आली, तेव्हा वकील श्रीधर व्हरांड्यात गुडघे टेकून बसले होते. आप्पासाहेबांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

"मी आत्ताच आलो," ते म्हणाले. "उशीर झाला मला."

पोलीस अ‍ॅक्शनला दहा वर्षं होत आली होती. निजामाच्या अमलातला अमीन जाऊन फौजदार आला होता, तरी छावणीतल्या बंगल्यांत पोलिसांनी पाय पुसून यायचं ही रीत काही गेली नव्हती. फौजदार वैजनाथ पैठणकर त्या दिवशी पाय न पुसता थेट मागच्या अंगणात गेले. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. शिकारीचा त्यांना मुळीच शौक नव्हता.

"आवाज कसा झाला?" त्यांनी सारजाबाईला विचारलं.

"धाड-धाड! एकावर एक. मधी श्वास घ्यायलाबी जागा नव्हती, साहेब."

छातीत दोन जखमा होत्या. गोळ्या आरपार जाऊन मागच्या दगडी भिंतीवर आपटल्या होत्या आणि पार चपट्या झाल्या होत्या. कुठल्या नळीतून आल्या, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण त्याची गरजही दिसत नव्हती. व्हरांड्यापासून वीसेक पावलांवर लिंबाच्या झाडांखाली एक दुनळी रायफल पडली होती. दोन्ही नळ्यांत रिकामी काडतुसं होती, नळ्यांना दारूचा वास येत होता.

"ही कुणाची?" वैजनाथांनी विचारलं.

सारजाबाईनं पदर तोंडात धरला. श्रीधर वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"बद्रीनाथची," ते म्हणाले. "आप्पासाहेबांच्या सख्ख्या भावाची."

२

बद्रीनाथ एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलेला सापडला. गंगापूरच्या दोन गाड्या त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेल्या होत्या. भाऊ मेल्याचं ऐकल्यावर त्यानं फौजदारांकडे नुसतं पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

धिप्पाड गडी. गंगापूरकडची वडिलोपार्जित शेती तोच पाहायचा, ऊस आणि कपाशी. आप्पासाहेब शहरात राहायचे. कुणी जहागीरदार मुलूख सोडून गेला तेव्हा आप्पासाहेबांनी त्याच्याकडून दोन जुळ्या रायफली घेतल्या होत्या, एक स्वतःला, एक धाकट्या भावाला. नळ्या सारख्या, काडतूसही एकच.

"रायफल इथं कशी आली?"

"परवाना नवा करायचा होता. सकाळी घेऊन आलो, दादाच्या बैठकीत कोपऱ्याला ठेवली."

"नळ्यांना दारूचा वास आहे."

"काल सांजच्याला उसात डुकरं शिरली व्हती. दोन बार काढले. पुसायची राहिली."

"आणि सकाळी भावाशी भांडलास. शेजाऱ्यांनी ऐकलंय."

 बद्रीनाथ खाली पाहत बोलू लागला. दोन वर्षांमागे उसातून डुकरं उठवायला हाका घातला होता, माणसं आरडाओरडा करत उसात शिरली होती. धांदलीत तिघाचौघांनी बार काढले. हाकाऱ्यांतला भिवसन गोळी लागून मेला. ज्या बाजूला तो पडला, त्या बाजूला बार काढला होता बद्रीनाथनं. पंचनाम्यात अपघात लिहिला गेला, खटला उभा राहिला नाही. पण तेव्हापासून बद्रीनाथला धड झोप नव्हती.

"आज दादाला म्हनलं, नदीकडची जमीन भिवसनच्या बायकोच्या नावावर करतो आन् कुठंबी निघून जातो. दादा वराडला, 'तू मारलंच नाय त्याला!' दोन वर्षं झाली, अजून समजूतच घालतोय. मला राग आला. म्हनलं, तुझी माया नको मला. आन् निघालो."

संध्याकाळी श्रीधर वकील ठाण्यावर आले. किरकोळ अंगाचा, छातीच्या जुन्या दुखण्यानं वाळलेला माणूस. बद्रीनाथचं वकीलपत्र ते स्वतः घेणार होते. कोठडीच्या गजांपाशी उभं राहून ते हळू आवाजात बोलत होते. वैजनाथांना तुटक तुटक ऐकू येत होतं. रागाच्या भरात झालं म्हण... कबूल केलंस तर फाशी टळेल... माझ्यावर सोड.

वकील गेल्यावर बद्रीनाथनं फौजदारांना हाक मारली.

"साहेब, लिवून घ्या. मीच मारलं."

"खरंच मारलंस?"

"एक जीव तर घेतलाच हाय मी. आता दादाबी गेला. भांडू कुनासाठी? उद्या मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं न्या. म्हनंल ते कबूल करतो."

३

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर कालिंदीबाईंनी सकाळी प्रेताची तपासणी संपवली.

"पहिल्याच गोळीनं जीव गेलाय," त्या म्हणाल्या. "दुसरी उगीचच. पण नेम पाहा माणसाचा. दोन जखमांत जेमतेम दोन बोटांचं अंतर आहे, तेही आडवं."

वैजनाथ दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"आडवं? वर-खाली नाही?"

"नाही. का?"

 ठाण्यावर येऊन वैजनाथांनी बद्रीनाथची रिकामी रायफल खांद्याला लावून पाहिली. जुन्या पद्धतीचा दस्ता होता, नळीपासून निघून एकदम खाली वाकलेला. खांद्याला टेकायची लोखंडी टाच अरुंद आणि पातळ. नळ्या खांद्याच्या बऱ्याच वर राहत होत्या, गालाला नीट आधार मिळत नव्हता.

मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचं त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकललं आणि ते बंगल्यावर गेले.

आप्पासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई बैठकीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. घटना घडली तेव्हा त्या शहराबाहेरच्या सातारा गावी खंडोबाला गेल्या होत्या, बरोबर चार बायका होत्या. श्रीधर वकील कालपासून घरचाच माणूस झाले होते. आल्यागेल्याचं, तारा करण्याचं, सगळं तेच पाहत होते. समोरच्या भिंतीवर दुसरी रायफल टांगलेली होती. ती जागच्या जागी असल्यामुळे आदल्या दिवशी पोलिसांनी तिला हातही लावला नव्हता.

वैजनाथांनी ती उतरवली. नळ्या अगदी जुळ्या. दस्ता मात्र वेगळाच होता. तो नळीच्या रेषेत सरळ मागे आला होता, टाच रुंद होती आणि तिच्यावर बोटभर जाड रबराची गादी होती. उजव्या अंगाला लाकूड गालासाठी फुगवलेलं होतं.

"असा कसा हा?"

"घोड्यावरनं पडून त्यांचा उजवा खांदा गेला होता," द्वारकाबाई म्हणाल्या. "मग डाव्या खांद्यावरनं मारायला शिकले. त्या खांद्यालाबी दणका सोसंना, म्हणून छावणीतल्याच कारागिराकडनं हा दस्ता करून घेतला. म्हणायचे, आता लेकरानं मारली तरी दुखायची नाय."

वैजनाथांनी ती आपल्या उजव्या खांद्याला लावली. फुगवटा भलत्याच बाजूला आला. दस्ता किंचित डावीकडे वळवलेला होता, तो त्यांच्याच गालात घुसला. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नजरेच्या रेषेत येईना.

"आप्पासाहेबांनी ही शेवटची कधी साफ केली?"

"दिवाळीपासून हात लावला नाय त्यांनी."

वैजनाथांनी नळीत करंगळी घातली आणि बाहेर काढली. होळी जवळ आली होती, आणि बोटाला ताजं ओलं तेल लागलं होतं.

मागून कुणीतरी खाकरलं. श्रीधर वकील दारात उभे होते.

"फौजदारसाहेब, कबुली मिळाल्यावर आता हा तपास कशाचा?"

"सवय आहे. तुम्हीही शिकारीला जायचात ना यांच्याबरोबर?"

श्रीधर हसले. "जायचो डबा खायला. मारण्यातलं मला काही जमत नाही. एकदा बद्रीची रायफल उडवून पाहिली, तर तिनं मला आडवं केलं आणि ही खूण दिली." त्यांनी चष्मा वर करून डाव्या डोळ्याखालचा, गालाच्या हाडावरचा पांढरा वण दाखवला. "साऱ्या गंगापुरात हसं झालं. तिला आवरायला बद्रीसारखाच रेडा पाहिजे. म्हणून तर वाईट वाटतं. दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हे."

वैजनाथांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी त्यांनी वरिष्ठांकडे एक परवानगी मागितली. वरिष्ठ उडालेच.

"आरोपीच्या हातात भरलेली रायफल देणार? शुद्धीवर आहात का, पैठणकर?"

४

पहाटे चांदमारीचं मैदान रिकामं होतं. वीस पावलांवर फळी उभी केली होती, तिच्यावर छातीच्या उंचीला कोळशानं काढलेलं वर्तुळ. दोन शिपाई बद्रीनाथच्या मागे बंदुका रोखून उभे होते. त्यांचे चेहरे उतरले होते.

वैजनाथांनी त्याच्या हातकड्या काढल्या, त्याची रायफल भरली आणि त्याच्या हातात दिली.

"दोन्ही बार एकामागोमाग काढायचे. श्वास घ्यायचा नाही. दोन्ही गोळ्या वर्तुळात पाहिजेत."

बद्रीनाथनं रायफल घेतली. तो फळीकडे पाहत राहिला. मग नळ्या हळूहळू स्वतःच्या पायाकडे झुकल्या, आणि शिपायांनी चाप चाचपले.

"बद्रीनाथ," वैजनाथ जागचे हलले नाहीत. "तुझ्या भावाला तूच मारलं असशील तर मला ते सिद्ध करता येईल. नसशील तर तेही करता येईल. पण तू इथं मेलास तर यातलं काहीच होणार नाही. मार."

त्यानं रायफल खांद्याला लावली. धाड-धाड.

पहिली गोळी वर्तुळाच्या मधोमध होती. दुसरी वर्तुळाच्या वीतभर वर.

"पुन्हा."

पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा बद्रीनाथनं दात आवळून, दंडाच्या शिरा फुगवून नळ्या दाबून धरल्या, तरी दुसरी गोळी वरच गेली. त्याचा उजवा गाल लालबुंद झाला होता.

"कितीबी दाबा, ती वर बघतीच," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणून मी एकच बार काढतो. दुसऱ्याला वेळ घेतो."

"मुद्दाम वर मारतोय तो, साहेब," एक शिपाई पुटपुटला.

तेही शक्य होतं. वैजनाथांनी रायफल स्वतः घेतली. पहिल्या बाराबरोबर लोखंडी टाच खांद्यात रुतली, नळ्या आभाळाकडे उसळल्या आणि दस्ता गालावर बसला. दुसरी गोळी फळीला लागलीच नाही. दोन्ही शिपायांनी मारून पाहिलं, त्यांचंही तेच झालं.

मग त्यांनी आप्पासाहेबांची रायफल काढली. ती उजव्या खांद्याला लावून त्यांनी घाईनं दोन बार काढले. खांद्याला कुणी तळहातानं ढकलावं तसं वाटलं. नळ्या जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही भोकं शेजारी शेजारी पडली होती, मात्र वर्तुळाच्या बाहेर, पुरती डावीकडे. त्यांनी रायफल डाव्या खांद्यावर घेतली. हाताला सवय नव्हती, डावा डोळा पाणावत होता. पण गाल फुगवट्यावर अलगद टेकला आणि माशी आपोआप समोर आली. धाड-धाड.

शिपाई फळीकडे धावला आणि तिथूनच ओरडला, "वर्तुळात हायेत, साहेब! दोन्ही! दोन बोटांवर!"

बद्रीनाथ वाळूत बसला होता. "म्हंजे दादाला... दादाच्याच रायफलीनं?"

 वैजनाथ आपला ठणकणारा गाल चोळत होते. चोळता चोळता त्यांचा हात थांबला. त्यांचा उजवा गाल सुजला होता. बद्रीनाथचाही उजवाच, आणि दोन्ही शिपायांचाही.

"हातकड्या घाला याला," ते म्हणाले, "आणि बंगल्यावर घेऊन चला. लवकर."

५

बैठकीत द्वारकाबाई होत्या, दाराशी सारजाबाई उभी होती. श्रीधर वकील खुर्चीत बसले होते. बद्रीनाथला शिपायांसह आत येताना पाहून ते उठले.

"माझ्या अशिलाला माझ्या परवानगीशिवाय कुठे नेलं होतं?"

"चांदमारीवर. बसा, वकीलसाहेब. तुमच्या अशिलाच्या फायद्याचंच बोलतोय."

वैजनाथांनी दोन्ही रायफली मेजावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"धक्का नळीच्या रेषेत मागे येतो. बद्रीनाथच्या रायफलीत ती रेषा खांद्याच्या वरून जाते, कारण दस्ता खाली वाकलाय. खांदा खालून अडवतो, धक्का वरून येतो, मग नळी वर उसळते. माणसात रेड्याचं बळ असलं तरी दुसरा बार वरच जातो. या दुसऱ्या रायफलीत खांदा बरोबर नळीच्या मागे येतो. धक्का सरळ खांद्यात जातो, रबराची गादी तो पसरवते, आणि नळी जागेवर राहते. आप्पासाहेबांच्या दोन जखमा शेजारी शेजारी आहेत. त्या या रायफलीच्या. खुन्यानं हिच्यातली रिकामी काडतुसं बद्रीनाथच्या रायफलीत घातली आणि ती झाडाखाली टाकली. ही पुन्हा भिंतीवर टांगली. सारजाबाई शेजाऱ्यांना बोलवायला गेली होती, तेवढा वेळ त्याला पुरला. नळ्या पुसायला नंतर अख्खी रात्र होतीच."

"मग घरात येणारा कुणीही असेल," श्रीधर म्हणाले. "बळाचा प्रश्नच मिटला."

"मिटला. पण हा दस्ता डाव्या खांद्यासाठी केलाय. उजव्या खांद्याच्या माणसाची गोळी घाईत डावीकडे जाते, मी आज मारून पाहिलंय. या घरात डाव्या खांद्यावरून मारणारा एकच होता, आणि तोच मेला."

"बरोबर. आणि मी उजवा आहे. उभं शहर मला उजव्या हातानं लिहिताना पाहतं."

"शाळेत मास्तर छडीनं हात बदलतात. खांदा कुणी बदलत नाही." वैजनाथ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या गालावर निळसर सूज चढली होती. "आज आम्ही चौघांनी बद्रीनाथची रायफल उडवली. चौघांचाही उजवा गाल सुजला. तुम्हाला तिनं डाव्या गालावर कसं मारलं?"

श्रीधरांचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. 

मग ते म्हणाले, "एका जुन्या वणावर खून सिद्ध करणार? कोर्टात हसतील तुम्हाला. मी आप्पासाहेबांना कशासाठी मारेन? मी त्यांचा मित्र."

 

"मी सांगते कशासाठी," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्या भिंतीचा आधार घेत उठल्या.

"श्रीधरभाऊजी, रझाकारांच्या दिवसांत तुम्ही आमचं अख्खं घर तुमच्या माळ्यावर लपवलं. ते मी कधी विसरले नाय, आन् हेबी विसरले नाय. म्हणून दोन वर्षं तोंड शिवून बसलो आम्ही. त्या हाक्यात यांनी आपली रायफल तुमच्या हातात दिली होती. भिवसन तुमच्या गोळीनं पडला. यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं."

"वहिनी..." श्रीधर पुटपुटले.

"तुम्ही सरकारी वकील होणार होता. पाया पडला तुम्ही यांच्या. हे गप बसले. पण बद्रीची दशा बघवत नव्हती त्यांना. परवा सकाळी मी खंडोबाला निघाले तर म्हणाले, आज श्रीधरला बोलावतो, सांगतो, आता बस्स. तुम्हीच मारलं असंल, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाय. माझ्या घरात दोन दिवस तुम्ही मला पाणी पाजताव."

श्रीधर खाली बसले. 

"मी त्यांना म्हटलं, नेमणूक होईपर्यंत थांबा," ते म्हणाले. "म्हणाले, बद्री अजून बाहेर कुठे असेल, संध्याकाळी त्याला गाठून सगळं सांगतो. आणि चहा घेऊन जा म्हणाले. मी आत बैठकीत आलो. तिथे दोन्ही रायफली होत्या, काडतुसं होती. बाजूनं वळसा घालून मी झाडांआड गेलो..." त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. "बद्रीची मला पेलणार नाही, हे माहीत होतं."

६

शिपाई वकिलांना घेऊन गेले. वैजनाथांनी बद्रीनाथच्या हातकड्या स्वतः काढल्या. तो मनगटं चोळत तसाच उभा राहिला.

"म्हंजे भिवसन माझ्या गोळीनं मेला नाय."

"नाही," वैजनाथ म्हणाले.

"दादा त्या दिवशी खरंच बोलत व्हता." मग तो भावजयीकडे वळला. "वहिनी, तुम्हालाबी ठाव व्हतं?"

"व्हय."

"दोन वर्षं?"

द्वारकाबाईंनी मान खाली घातली.  भावाला मातीही देऊ शकला नव्हता बद्रीनाथ, कोठडीत होता. त्यानं आप्पासाहेबांच्या फोटोला हात जोडले नाहीत, वहिनीच्या पायाही पडला नाही. पायताण घातलं आणि निघाला.

दिवस कलताना तो गंगापूरला उतरला आणि घरी न जाता तसाच भिवसनच्या बायकोच्या, दगडाबाईच्या खोपटाकडे गेला. ती दारात निवडण घेऊन बसली होती. त्याला पाहून तिनं नेहमीसारखीच मान फिरवली.

बद्रीनाथनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गोळी कुणाची होती, कुणी लपवलं, कुणी कुणाला मारलं. सांगून झाल्यावर त्याला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. ती सुपातल्या ज्वारीत बोटं फिरवत राहिली.

"लई शिकलेला मानूस हाय म्हनं तो वकील," ती म्हणाली.

"व्हय."

"बायकापोरं हायेत का त्याला?"

बद्रीनाथला याचं उत्तर द्यायचं नव्हतं. "हाय. बायको, आन् एक पोरगी. साळंत जाती."

दगडाबाई उठली. आतून तांब्याभर पाणी आणून तिनं त्याच्यापुढे ठेवलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

"त्या पोरीला कुनी सांगितलं का अजून?" तिनं विचारलं.

बद्रीनाथनं मान हलवली. त्याला माहीत नव्हतं.